कळंबाची फांदी

आजच्या या कार्यक्रमाच्या अध्यक्ष आणि आपल्या कॉलेजच्या प्राचार्या गरुड मॅडम, व्यासपीठावर बसलेले वनस्पतिशास्त्राचे विभागप्रमुख केंजळे सर, बाकीचे सर आणि मॅडम, ऑफिसातले आणि ग्रंथालयातले माझे सोबती, गावोगावाहून आलेले पालक, आणि ज्यांच्यासाठी हा सगळा घाट घातलाय ती बी.एस्सी. तिसऱ्या वर्षाची मुलं-मुली, सगळ्यांना अनिता जांभूळकरचा नमस्कार.

मागे जे भिंतीला टेकून उभे आहेत त्यांनी पुढे येऊन बसा. खुर्च्या रिकाम्या आहेत. समोसे माझं बोलणं झाल्यावरच मिळणार आहेत, त्या खोलीला कुलूप मी लावलंय.

मला कशाला बोलायला लावलं, ते या मुलांनाच माहीत. मी लॅबमधली बाई. शिक्षण माझं चौथीपर्यंत, तेही चौथीची परीक्षा झाली तेव्हा मी मामाच्या शेतात होते. पण मुलं हट्टाला पेटली, "मावशी, तुम्ही आम्हाला तीन वर्षं ओरडलात, आता शेवटचं एकदा माइकवरून ओरडा." पत्रिकेत छापलंय, 'मार्गदर्शनपर दोन शब्द'. मार्गदर्शन करायचा अधिकार मला नाही. पण बाटल्या, ट्रे, काचा धुता धुता इतकी मुलं आली नि गेली की काही गोष्टी डोळ्यांना दिसल्या. त्या सांगते. लिहून आणलंय, कारण मी बोलायला लागले की भलतीकडे जाते.

पहिलं, रडणं बंद करा. तुमच्यातले निम्मे पहिल्या वर्षाला आले तेव्हा तोंडं अशी, की घरात कुणी गेलंय. का, तर डॉक्टरकीला नंबर लागला नाही. बरं, नाही लागला. म्हणून झाडांना शिक्षा? दोन-दोन वर्षं मुलं बाकावर नुसती बसून जातात, इथं आलोच नाही असं समजून. मग तिसऱ्या वर्षाला विचारतात, "मावशी, याच्यानंतर काय करायचं असतं?" हे मला विचारतात. मी काय सांगणार? मला एवढंच माहीत की आपलीच मुलं गुलाबाच्या पॉलिहाउसवर सुपरवायझर आहेत, कुणी तळेगावला औषधांच्या कंपनीच्या लॅबमध्ये आहे, कुणी बी.एड. करून शाळेत शिकवतंय, एक वनखात्याची परीक्षा देऊन गणवेशात आला होता नि मी त्याला ओळखलंच नाही, आत येऊ देईना. ही सगळी दुसऱ्या वर्षातच सरांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहणारी मुलं होती. विचारणारी. हुशार होती का, ते मला माहीत नाही.

दुसरं, सीनिअरचं जर्नल घेऊन त्यातली चित्रं उतरवू नका. मागच्या साली एकाने ते इतकं मन लावून उतरवलं की सीनिअरच्या वहीवर पडलेला चहाचा डागसुद्धा काढला, आणि त्याला बाण मारून नाव दिलं. हसू नका. तो इथंच बसलाय.

तिसरं काय होतं... हां. बेसिनमध्ये कव्हरस्लिपच्या काचा टाकू नका. माझी बोटं कापतात.

आता खरं जे बोलायचंय ते बोलते. हे बोलायची परवानगी मी केंजळे सरांकडून घेतली आहे. मी म्हटलं, "सर, तुमचं नाव येणार त्यात." सर म्हणाले, "येऊ द्या. मी समोरच बसलेला असेन." म्हणून बोलते. नाहीतर एवढ्या सभेत आपल्या साहेबांविषयी बोलायची माझी काय छाती?

आपल्या कॉलेजला प्रेरणा नावाची एक मुलगी होती. आंदर मावळातली, टाकव्याच्याही पुढची. सकाळची एसटी चुकली की दुसरी कधी येईल ते ड्रायव्हरलाही माहीत नसतं, त्यामुळे ती कधी कधी टाकव्यापर्यंत चालत यायची. पायात चिखल घेऊन लॅबच्या दाराशी उभी राहायची. मी आधी ओरडायचे, मग नळ दाखवायचे. तिचा हात, काय सांगू तुम्हाला. तुम्ही फांदीचा आडवा काप घेता, बटाट्याच्या फोडीत देठ धरून, तो काकडीच्या चकतीसारखा निघतो. अर्धे तर बटाटाच कापता. तिचा काप पाण्यात पडला की दिसायचा नाही. मला वाटायचं काही पडलंच नाही. मग सर ब्रशने उचलायचे, लाल रंगात घालायचे, नि मायक्रोस्कोपाला लावलेला डोळा लवकर काढायचे नाहीत. एकदा मलाही दाखवलं. मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही, पण चांगलं विणलेलं कापड मला कळतं, तसं ते होतं. सर तेव्हाच म्हणाले होते, "ही मुलगी एम.एस्सी. करणार." सर, तुम्ही म्हणाला होता. मी तिथंच होते.

ती तिसऱ्या वर्षाला होती, दिवाळीच्या आधीची परीक्षा. प्रात्यक्षिकाच्या दिवशी सामान मी आणते, हे तुम्हाला माहीत आहे. दरवर्षी कापाला सूर्यफुलाचे देठ असतात. त्या साली परतीच्या पावसाने सूर्यफूल सगळं आडवं झालं होतं, देठ कुजलेले. जे थोडे मिळाले ते पुरेनात. सर म्हणाले, "अनिताबाई, मागच्या आवारातल्या कळंबाच्या कोवळ्या फांद्या आणा, काम होईल." मी आणल्या. आमच्या कुळाचं देवक वेगळं, त्यामुळे कळंब, पुस्तकातला कदंब, म्हणजे माझ्या लेखी लॅबच्या मागचं झाड, ज्याच्या पानांनी माझं गटार तुंबतं. एवढंच.

आपल्याकडे चिठ्ठ्या उचलतात. ज्याच्या चिठ्ठीला जो ट्रे. प्रेरणाच्या चिठ्ठीला कळंब आला.

मी समोरच पाणी भरत होते. तिने फांदी बघितली. ब्लेड उचललं, परत खाली ठेवलं. दोन्ही हात मांडीवर घेतले नि बसून राहिली. मला वाटलं, विचार करत असेल. बाकीच्यांचे काप झाले, रंग झाले, स्लाइडी लागल्या. ही तशीच. बाहेरगावचे परीक्षक आले होते, ते तिच्याजवळ थांबले.

"काय झालं? येत नाही का?"

तिने मान वर केली नाही. म्हणाली, "न्हाई येत."

ते पुढच्या बाकावर गेले. त्यांचं काय चुकलं? त्यांना काय माहीत, वर्गात सगळ्यात चांगला हात कुणाचा? केंजळे सरांनी ऐकलं, त्यांच्या चेहऱ्यावर राग दिसला. बाहेरच्या माणसापुढे आपलीच मुलगी असं बोलली, त्याचा. नंतर व्हरांड्यात सर तिला एवढंच बोलले, "तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती." ती "व्हय सर" म्हणाली आणि एसटीला गेली.

प्रात्यक्षिकात नापास. लेखी सगळं सुटलं, हे एक राहिलं. डिग्री अडकली. पुढच्या खेपेला ती आलीच नाही. एम.एस्सी.चं नाव कुणी काढलं नाही. घरच्यांनी म्हटलं, राहिलं तर राहिलं, नि स्थळ बघितलं. तिचा नवरा ओंकार, टाकवे बुद्रुकचाच, कंपनीत जातो, मुलगा चांगला आहे. तेव्हा असं समजू नका की सासरच्यांनी अडवलं म्हणून मी रडगाणं गातेय. कुणीही अडवलं नाही. तेच तर दुखणं आहे.

मागच्या वैशाखात तिचं लग्न झालं. मला बोलावणं होतं, हळदीच्या दिवशीच गेले, कांदे चिरायला कुणी तरी लागतंच. मांडवात शिरले तर मेढीला फांदी बांधलेली, हळद-कुंकू लावलेली. मी पान बघितलं. ते पान मी रोज झाडते. मला चुकणार नाही.

प्रेरणाची चुलती बयाबाई शेजारी होती. मी विचारलं, "तुमचं देवक कळंब हाय व्हय?"

"मंग. आमचं पैल्यापास्नं कळंबच."

"कापत न्हाई तुमी त्याला?"

"आमी लोखंड लावत न्हाई आमच्या झाडाला. जाळतबी न्हाई. ही पोरगी ल्हान असताना काटकी मोडून दात घासत हुती, तर तिच्या आज्जीनं असा हात हाणला की दात तितंच ऱ्हायला आसता."

मी कांदा चिरत होते, म्हणून बरं. डोळ्यातून पाणी आलं तर कुणी विचारलं नाही.

मग मी तिला सगळं सांगितलं. परीक्षा, ट्रे, ब्लेड, "न्हाई येत". बयाबाई हातातलं काम टाकून माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "एवड्यापायी? अगं बाई, मंग ही फांदी हितं काय उडून आली? सकाळीच दत्तोबा भावजी कुऱ्हाड घिऊन गेलतं. पान-सुपारी ठिवायची, हात जोडायचं, म्हणायचं बाबा तुजी फांदी नेतोय, राग धरू नगंस. आन तोडायची. शिक्षानासाठी लागतीया म्हनली असती, तर तिच्या बापानं सवता यिऊन हात जोडून दिली असती तोडून."

बघा आता. घरी विचारलं असतं, तर घरच्यांनी वाट दिली असती. सरांना सांगितलं असतं, तर सरांनी ट्रे बदलून दिला असता. बदलतात. माझ्यासमोर कितीदा बदललाय, कुणाची फांदी किडकी निघाली म्हणून, कुणाचं फूल वाळलं म्हणून. दोन्हीकडची दारं उघडी होती, आणि पोरगी मधल्या पडवीत बसून राहिली.

का बसली? आता सरांचं नाव येतं.

केंजळे सर दरवर्षी पहिल्या तासाला एक वाक्य बोलायचे. जुन्या मुलांना पाठ आहे. "प्रयोगशाळेच्या दारात दोन गोष्टी काढून ठेवायच्या, चपला आणि देव." मुलं हसायची. मीही हसायचे, दरवर्षी, तेच वाक्य तेच हसू. वाक्य वाईट नाही. सरांच्या मनात काय होतं, ते मला कळतं. डोळ्यांनी बघा, ऐकीव मानू नका, एवढंच. पण साठ मुलं हसली, म्हणजे साठ मुलांना ते सारखंच लागलं असं नसतं. एक जण चपलांसोबत तोंडही बाहेर काढून ठेवते नि आत येते. पुन्हा तीन वर्षं घालत नाही.

लग्नाहून आले नि दुसऱ्याच दिवशी सरांना सांगितलं. आतल्या खोलीत, दार लावून. सरांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला. मग म्हणाले, "अनिताबाई, मी एक प्रश्न विचारायला हवा होता. का कापलं नाहीस, एवढाच. मी अपेक्षेचं बोललो." तेव्हापासून सर ते वाक्य बोलत नाहीत. यंदाच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना विचारा, त्यांना माहीतच नाही. जागा अजून रिकामीच आहे, यंदा पहिल्या तासाला सर तिथं येऊन जरा थांबले, मग पुढे गेले.

कुणी म्हणेल, बाई, हे शास्त्र आहे, इथं काप घ्यावाच लागतो, झाडाला हात जोडत बसलो तर अभ्यास कधी करायचा? बरोबर आहे. मी कुठं म्हणते घेऊ नका? घ्या, चांगला पातळ घ्या. पण अडलं तर अडलं म्हणा. बेडूक बघून कुणाला मळमळतं, रंगाने कुणाच्या हाताला पुरळ येतं, इंग्रजीतला प्रश्न कुणाला कळत नाही, कुणाला घरी भाताच्या आवणीला माणूस नाही म्हणून आठवडाभर येता येत नाही. हे सगळं सांगायचं असतं. "येत नाही" हे त्याचं उत्तर नाही. येत नाही म्हटलं की समोरचा पुढच्या बाकावर जातो. जाणारच. त्याला अख्खी लॅब बघायची असते.

आणि सर, मॅडम, लहान तोंडी मोठा घास घेते. हुशार मुलगी गप्प बसली, तर ती उर्मटच असेल असं नसतं.

आता उरलेलं. जुना अभ्यासक्रम बंद होतोय. ज्यांचं जुनं राहिलंय त्यांच्यासाठी ही शेवटची परीक्षा, पुढच्या आठवड्यात. हे कळलं तेव्हा मी नि सर टाकव्याला तिच्या सासरी गेलो. सरांच्या स्कूटरवर. सर खड्डा चुकवत नाहीत, खड्ड्याला विचारून त्यातून जातात, माझी कंबर अजून दुखते.

तिच्या सासूबाई लीलाबाई दारातच म्हणाल्या, "सर, आमचं काय न्हाई हो. नाव तर ओंकारनं नोंदवलंय, गाडीवर नेऊन सोडंल. पर तिलाच जायाचं न्हाई, तिला काय म्हनू?"

प्रेरणा चहा घेऊन आली. सरांनी कप हातात धरला, प्यायले नाहीत. म्हणाले, "प्रेरणा, तेव्हा विचारायचं राहिलं, आता विचारतो. का कापलं नाहीस?"

"तुमाला आता म्हायीत हाय की सर. मावशीनं सांगितलं."

"तुझ्या तोंडून ऐकायचंय."

तिने चुलीतलं लाकूड पुढे सारलं. मग म्हणाली, "सर, सगळ्यांसमोर येत न्हाई म्हनले मी. आता येतंय म्हनून कुठल्या तोंडानं येऊ? आन हातबी ऱ्हायला न्हाई आता. भाकरीशिवाय काय केलंय त्यानं?"

मी म्हटलं, "भाकरी पातळ करतीस ना? मग झालं."

लीलाबाई हसल्या. ती नाही हसली. सरांनी थंड झालेला चहा एका घोटात घेतला, आणि आम्ही निघालो.  

येईन असं ती म्हणालेली नाही. येणार नाही असंही नाही. मला खरं विचाराल तर मला वाटत नाही ती येईल. मी उगाच गोड बोलणारी बाई नाही. गेलेली वर्षं परत येत नाहीत, आणि एम.एस्सी. तर फारच लांब राहिली. तिचा तो हात, जो सरांनी बघितला होता, तो तसाच असेल का, मला माहीत नाही. चपला आणि देवाच्या त्या एका वाक्यात गेलं हे सगळं. आणि ते वाक्य वाईट मनाने बोललेलं नव्हतं, हे आणखी वाईट.

पण रविवारी सकाळी मी लॅब उघडणार आहे. सरांनी किल्ली दिलीय, मॅडमचीही परवानगी आहे. परीक्षेआधी हात बसवायला तुमच्यापैकी ज्यांना यायचंय त्यांनी या, बटाटे मी आणते. एका बाकावर मी दोन ट्रे ठेवणार. एकात सूर्यफूल, यंदा चांगलं आलंय. दुसऱ्यात कळंब. ती फांदी मी तोडणार नाही. बयाबाईकडे निरोप पाठवलाय, मांडवाची फांदी आणणारे ते दत्तोबा शनिवारी स्वतः येतो म्हणालेत, पान-सुपारी घेऊन. आपल्या मागच्या झाडापाशी जरा उभे राहतील. वॉचमनने त्यांना अडवू नये, मी आत्ताच सगळ्यांसमोर सांगून ठेवते. कुठला ट्रे घ्यायचा ते तिचं तिने ठरवायचं. आणि कुठलाच घ्यायचा नसेल, तर तेही तिने तिथं येऊन, तोंडाने सांगायचं. एवढं मी तिला निरोपात कळवलंय.

मुलांनो, तुम्ही आज जाणार. पुढे मोठ्या ठिकाणी जाल, मोठमोठ्या लॅबमध्ये जाल, तिथं माझ्यासारखी ओरडणारी कुणी नसेल. तेव्हा स्वतःच स्वतःवर ओरडा. चांगलं करा. बरणीला झाकण लावा.

मला हा मान दिलात, खुर्चीवर बसवून हार घातलात, त्याबद्दल अध्यक्ष मॅडमचे, सरांचे, आणि या हट्टी मुलांचे मी आभार मानते. केंजळे सर, तुम्ही बसून ऐकलंत. दुसरा कुणी उठून गेला असता. बोलण्यात माझ्या ताळतंत्र नसतं, कुणाचा मान ठेवायचा राहिला असेल, कुणाचं नाव विसरले असेन, कुणाला लागलं असेल, तर चौथीतून शेतात गेलेल्या बाईचं बोलणं म्हणून पोटात घाला.

शेवटचं एकच. रविवारी ती दारात दिसली, तर कुणी वळून बघू नका. कुजबुजू नका. बाकावर थोडं सरका, नि आपापला काप घेत राहा.